ड्राफ्टात सातवा नंबर लागलाय, मधल्या राऊंडला काय करायचं?

सात_रस्ता_सिग्नल

नमस्कार मंडळी. आमचा शाळेतला आठ जणांचा ग्रुप आहे, तिघं पुण्यात, एक दुबईला, बाकी आम्ही इथंच सोलापुरात. प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलचं फँटसी खेळतो, खऱ्या मॅचवर पॉइंट मिळतात, पण नेहमीचं बजेटवालं नाही, ड्राफ्टवालं, म्हणजे प्रत्येक राऊंडला आळीपाळीने एकेक प्लेअर उचलायचा, एक प्लेअर एकाच्याच टीममध्ये, सलाह एकाने घेतला की बाकीच्यांनी वर्षभर नुसतं बघायचं. २०२५-२६ चा सीझन १५ ऑगस्टला रात्री सुरू होतोय, आपल्याकडं तारीख १६ झालेली असेल, आणि आमचा ड्राफ्ट येत्या रविवारी १० तारखेला संध्याकाळी. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठेवलाय म्हणजे पुण्यातले पण घरी असतील. श्रावण असल्यामुळं मटण नाही, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढ्यावरच भागवायचंय.

तर प्रश्न असा की पहिले चार राऊंड मला कळतात, तिथं नावंच एवढी मोठी असतात की चुकायला जागा नाही. शेवटचे चार-पाच राऊंड पण कळतात, तिथं कुणीही घ्या. माझी वाट लागते ती पाच ते दहा राऊंडमध्ये. गेल्या वर्षी मी पाचव्याला एन्कुंकू घेतला, म्हटलं चेल्सीचा आहे, नाव आहे. तो गुरुवारी कॉन्फरन्स लीगमध्ये गोल मारायचा आणि रविवारी लीगच्या मॅचला बेंचवर बसायचा, आणि मी आपला दर आठवड्याला आज खेळेल उद्या खेळेल म्हणत टीममध्ये ठेवायचो. त्याच ड्राफ्टात आमच्या एका मित्राने बाराव्या राऊंडला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा स्ट्रायकर ख्रिस वूड उचलला, सगळे हसले होते, वूडने २० गोल मारले आणि मी शेवटून पहिला. शेवटच्याने सगळ्यांना मटण खायला घालायचं असा नियम आहे, त्यामुळं प्रश्न पैशाचाही आहे.

या वर्षी चिठ्ठीत मला ७ नंबर आलाय. कुणीतरी नीट सांगा.

गड्डा_एक्सप्रेस

पहिलं म्हणजे कागद पेन घे. आठ जणांत सात नंबर म्हणजे तुझे पिक, म्हणजे पाळ्या, येतात ७, १०, २३, २६, ३९, ४२, ५५, ५८, ७१, ७४ असे, कारण साप जसा वळतो तसा क्रम उलटा फिरतो. आता यात बघ, ३९ आणि ४२ च्या मध्ये फक्त दोन पिक आहेत आणि ते दोन्ही आठ नंबरवाल्याचेच. ५५ आणि ५८ चं तसंच. म्हणजे तुला सात जणांचं डोकं वाचायचं नाही, एकाचंच वाचायचंय. त्याची टीम स्क्रीनवर दिसतच असते. त्याचे तिन्ही फॉरवर्ड भरले असतील तर तो चौथा घेऊच शकत नाही, गेमच घेऊ देत नाही, मग तू ३९ ला मिडफिल्डर घे आणि ४२ ला फॉरवर्ड आरामात उचल. लोक स्वतःच्याच यादीकडं बघत बसतात, शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघत नाहीत.

उलट ४२ नंतर ५५ पर्यंत मध्ये बारा पिक जातात. एखादा प्लेअर मनापासून पाहिजे असेल आणि तू म्हणालास पुढच्या फेरीला बघू, तर तो गेला म्हणून समज.

दुसरी गोष्ट, हिशोब. प्रत्येकाला ३ फॉरवर्ड, आठ जण, म्हणजे २४ फॉरवर्ड जाणार. क्लब किती? २०. आणि आजकाल बहुतेक क्लब एकच स्ट्रायकर खेळवतात. म्हणजे नियमित खेळणारे २४ फॉरवर्ड मिळायचीच मारामार. मिडफिल्डर ४० जाणार, पण प्रत्येक क्लबात गोल मारणारे, पास देणारे तीन-चार तरी असतात, ते मागं उरतात. म्हणून मधल्या राऊंडला फॉरवर्ड उचल. स्ट्रँड लार्सन, मातेता, दोघांनी गेल्या सीझनला लीगमध्ये १४-१४ गोल केलेत, पण ते वुल्व्ह्ज आणि पॅलेससारख्या छोट्या क्लबांचे म्हणून कुणाच्या तोंडात नाव नसतं.

शेंगाचटणी_विथ_दही

गड्डा भाऊ हिशोब बरोबर आहे पण अर्धाच सांगितलाय. मैदानात फॉरवर्ड किती लागतो कमीत कमी? एक. फक्त एक! ४-५-१ लावलं तरी चालतं. आणि फॉरवर्डच्या गोलला ४ पॉइंट, मिडफिल्डरच्या गोलला ५, वर क्लीन शीटचा, म्हणजे टीमने गोल न खाल्ल्याचा, १ वेगळा. मग तोच गोल महाग का घ्यायचा? मी दोन वर्षं झाली तिसरा फॉरवर्ड एकदम पंधराव्या राऊंडला घेतो, नुसता जागा भरायला, तो कोण होता हे डिसेंबरात मला आठवत पण नाही.

माझं मत, मधल्या राऊंडला नाव बघू नका, पेनल्टी कोण मारतो ते बघा. गेल्या नोव्हेंबरात बोर्नमथच्या क्लायव्हर्टने वुल्व्ह्जविरुद्ध एकाच मॅचला तीन पेनल्टी मारल्या, प्रीमियर लीगमध्ये असं आधी कधी झालंच नव्हतं, आणि ज्याच्याकडं तो होता त्याने त्या रात्री ग्रुपवर आम्हाला झोपू दिलं नाही. एव्हर्टनचा एन्डियाये बघा, टीम कशी का असेना पेनल्टी मिळाली की बॉल त्याच्याकडं. पण लक्षात ठेवा, पेनल्टी क्लबची असते, प्लेअरसोबत ट्रान्सफर होत नाही. एम्बुमोने ब्रेंटफर्डकडून २० गोल मारले त्यात त्यांचा स्ट्रायकर टोनी गेल्यावर पेनल्टी त्याच्याकडं आल्या हे पण होतं. आता युनायटेडला गेलाय, तिथं ब्रुनो फर्नांडिस बॉल सोडणार आहे का? तरी आमच्या ग्रुपमध्ये एक जण त्याला दुसऱ्या राऊंडला घेणार म्हणून बसलाय. घे म्हटलं बाबा.

सात_रस्ता_सिग्नल

दोघांचं पटतंय हाच प्रॉब्लेम आहे 😅 एक म्हणतो फॉरवर्ड घे, एक म्हणतो घेऊ नको. आठ नंबरवाल्याची आयडिया मात्र लै भारी, ते डोक्यात पण आलं नव्हतं. आठ नंबरला आमचा तो टॉवेलच्या कारखान्यावाला मित्र आहे, त्याचं डोकं वाचणं सोपं आहे, तो यूट्यूबवर शेवटचा व्हिडिओ बघेल तसं खेळतो. आणि डिफेंडरचं काय? ते नवीन नियमाचं ऐकलं, नीट कळलं नाही.

जुना_पार्क_मैदान

काय मालक, फुटबॉलचा धागा आणि सोलापूरचा? मला वाटलं कोल्हापूरकरांनी काढलाय. इथं फुटबॉल म्हटलं की लोक पहिलं विचारतात तू कोल्हापूरचा का. आपल्या पार्कवर सगळं क्रिकेट.

मी वयानं तुमच्यापेक्षा मोठा असेन, हे फँटसीचं खूळ मला लागून दहा वर्षं झाली. डिफेंडरचं सांगतो. या सीझनपासून डिफेंडरने एका मॅचमध्ये क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० केले की २ पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांना बॉल परत मिळवलेला पण धरतात. याचा अर्थ समजून घ्या. आजवर आपण डिफेंडर कुठला घ्यायचो? आर्सेनल, लिव्हरपूल, सिटी, क्लीन शीट मिळते म्हणून. पण त्यांच्याकडं बॉल एवढा असतो की सेंटर बॅकला हेडने बॉल बाहेर काढायचं कामच पडत नाही. ज्या टीमवर सतत हल्ला होतो त्यांचा सेंटर बॅक दिवसभर हेच करतो, एव्हर्टनचा टार्कोव्स्की घ्या. पूर्वी टीम ०-१ ने हरली की अशाला खेळल्याचे दोनच मिळायचे, आता चार. म्हणजे आपण ज्याला कष्टाळू म्हणून सोडून द्यायचो त्याला पगारवाढ झाली. आठव्या-नवव्या राऊंडला मी असे दोन घेणार, पहिल्या चारमध्ये मोठ्या क्लबचा एकही डिफेंडर नाही.

आणि पोझिशन बघत जा. २०१९-२० ला शेफिल्ड युनायटेडचा लंडस्ट्रम गेममध्ये डिफेंडर म्हणून लिहिलेला आणि मैदानात मिडफिल्डला खेळायचा, त्याने ५ गोल मारले, डिफेंडरच्या गोलला ६ पॉइंट. असं काही सापडलं तर मोठ्याने बोलू नका, ग्रुपवर तर अजिबात नाही.

गोलकीपर मधल्या राऊंडला घेणारा माणूस मला आजपर्यंत कळलेला नाही. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त क्लीन शीटचा गोल्डन ग्लोव्ह आर्सेनलचा राया आणि सेल्स दोघांत विभागून गेला, १३-१३ क्लीन शीट. राया सगळ्यांना माहीत, पण फॉरेस्टच्या सेल्सचं नाव ऑगस्टमध्ये किती जणांनी घेतलं होतं? फक्त एवढंच की आठ जणांचे मिळून १६ गोलकीपर जातात आणि रोज खेळणारे असतात २०, त्यामुळं एक तरी खेळणारा हातात ठेवा.

गड्डा_एक्सप्रेस

पार्कवाल्या अण्णांनी मुद्द्याचं सांगितलं. अजून एक राहिलं, गड्डा. म्हणजे आपला जत्रेचा गड्डा नाही, त्या वेळचं फुटबॉल 😀 आफ्रिकन देशांचा कप या वेळी मोरोक्कोत २१ डिसेंबर ते १८ जानेवारी आहे. म्हणजे नाताळापासून ते सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज फिरून झाले तरी सलाह, एम्बुमो, पॅलेसचा सार, एन्डियाये, विस्सा हे सगळे गायब असणार, टीम लवकर बाहेर पडली तर लवकर येतील. बजेटवाल्या गेममध्ये त्या वेळी जादा ट्रान्सफर देणार आहेत म्हणे, आपल्या ड्राफ्टात तसं काही नाही, बेंचवर जो असेल तोच. मधल्या राऊंडचा खरा उपयोग इथं होतो. घाना या वेळी क्वालिफायच झाला नाही, म्हणून तिथले सेमेन्यो आणि कुडूस कुठं जाणार नाहीत. सेमेन्योने गेल्या सीझनला ११ गोल मारलेत, गेममध्ये मिडफिल्डर आहे, बोर्नमथला फिट असला की खेळतोच. पाचव्या राऊंडला डोळे झाकून घे.

इसाकचं तळ्यात मळ्यात चालू आहे, न्यूकॅसल की लिव्हरपूल. विस्सा पण ब्रेंटफर्ड सोडायचं म्हणतोय. असल्यांना मधल्या राऊंडला उरले तर जरूर घे, पण पहिल्या दोनमध्ये नको.

विडी_घरकुल_बॉईज

काय बे एवढा अभ्यास दहावीला केला असता तर 😂 आमच्याकडं फॉर्म म्हणजे नळाचं पाणी हाय, चार-पाच दिवसाला एकदा येतं, आलं तेव्हा भरून घ्यायचं. मी वेव्हरवरच खेळतो, म्हणजे ड्राफ्टात कुणी न घेतलेले प्लेअर नंतर उचलायचे. २०२३ ला पामर सिटीवरून चेल्सीला गेला १ सप्टेंबरला, आमचा ड्राफ्ट झालेला, कुणीच घेतलेला नव्हता, मी उचलला आणि त्याने २२ गोल मारले. ट्रान्सफर विंडो याही वेळी १ सप्टेंबरपर्यंत हाय. एक जागा फालतू प्लेअरची ठेव की बे, काढून टाकताना जीव तुटला नाही पाहिजे.

शेंगाचटणी_विथ_दही

हे खरं आहे. आणि वेव्हरमध्ये खालच्या नंबरवाल्याला पहिला चान्स असतो, त्यामुळं आमच्या सिग्नल साहेबांना फायदाच आहे.

सात_रस्ता_सिग्नल

टोमणा पोचला. ड्राफ्ट झाल्यावर सांगतो.

सात_रस्ता_सिग्नल

झाला ड्राफ्ट. संध्याकाळी सातला ठरलेला, एकाकडं नेमकं त्याच वेळी पाणी सुटलं म्हणून आठला सुरू झाला.

गड्डा भाऊ, तुम्हाला माझ्याकडून हुरडा पार्टी. ३९ ला माझी पाळी आली तेव्हा कारखानदाराकडं चार प्लेअर होते आणि त्यातले तीन फॉरवर्ड! फॉरवर्ड संपणार असा व्हिडिओ बघून आला होता. मी शांतपणे सेमेन्यो घेतला, त्याने दोन मिडफिल्डर घेतले, आणि ४२ ला वूड माझ्यासाठी तसाच बसून होता. गेल्या वर्षी हसलो होतो त्यालाच नमस्कार करून घेतला. तेहतिशीतला आहे, परत २० मारणार नाही हे मला पण कळतंय, पण फॉरेस्टला तोच खेळणार.

५५ ला टार्कोव्स्की मिळाला, अण्णांचं नाव काढून. मग ५८ ला माझा परत तोल गेला. यादीत पुढं एन्डियाये लिहिला होता, तो मधल्या बारा पिकात गेला, सेकंद संपत आलेले, इकडं आई विचारतेय भाकरी अजून टाकू का, आणि समोर सिटीचं निळं चिन्ह दिसलं. डोकं चालवायच्या ऐवजी डोकू घेतला. आता दर शनिवारी टीम जाहीर होईपर्यंत बघत बसायचं. एन्कुंकूचाच भाऊ.

कीपर शेवटच्या दोन राऊंडला घेतले, त्यातला एक नक्की खेळणारा आहे.

विडी_घरकुल_बॉईज

डोकू 😂😂 वेव्हरला कोण कोण उरलंय त्याचा स्क्रीनशॉट टाक

सात_रस्ता_सिग्नल

टाकतो, पण अजून फायनल नाही. नवव्या राऊंडला दुबईवाल्याचं नेट गेलं, वॉचलिस्ट, म्हणजे पाहिजे त्या प्लेअरची यादी, लावलेली नव्हती, ऑटो पिकने त्याला पुढचे सहा प्लेअर स्वतःच्या मनाने देऊन टाकले, त्यातले दोन जखमी. तो म्हणतोय ड्राफ्ट परत घ्या. ग्रुपवर मतदान चालू आहे, ४-४.