ग्रीन ॲनालिटिकल केमिस्ट्री : 'हरित विश्लेषण' की आणखी काही?

भाषांतरकार : पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेसाठी मराठी पुस्तिका करते आहे. ग्रीन ॲनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे विष, कचरा आणि वीज कमी वापरून चाचण्या करायची रीत, हिला मी 'हरित विश्लेषण' लिहिलं. मसुदा वाचून तिथल्या सहायकाने विचारलं, "ताई, हरितद्रव्य मोजायचंय का?" मग 'हिरवी पद्धत' केलं, तर घोटाळा वाढला. त्यांच्याकडे सीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायच्या चाचणीची) नळी हिरवी पडली की नमुना फारच घाण, पातळ करून पुन्हा लावायचा. म्हणजे हिरवं झालं की चाचणी वाया! काय लिहू?

नळीवाला : सहायक बरोबर बोलतोय. नळीत घालतो ते डायक्रोमेट नारिंगी असतं, घाणीशी झुंजताना त्यातला क्रोमियम हिरवा होतो. पूर्ण हिरवं म्हणजे डायक्रोमेट संपलं. नाव काहीही द्या, पण पुस्तिकेत हे नक्की लिहा : जुन्या रिफ्लक्सच्या (नमुना उकळत ठेवून वाफ थंड करून परत आत आणायच्या) पद्धतीत 50 मिली नमुन्याला साधारण 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाऱ्याचं संयुग, जायचं. झाकणाच्या नळीत 2.5 मिली नमुना पुरतो, पाराही त्याच हिशेबात उतरतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं बेसिनमध्ये ओतलं जायचं. पाणी किती घाण आहे ते मोजायचं आणि पारा गटारात सोडायचा! ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

तत्सम : 'हरित'च ठेवा. हरितक्रांती, हरितगृह सगळ्यांना कळतं. मात्र 'विश्लेषण' कवितेचंही होतं, म्हणून 'हरित वैश्लेषिक रसायनशास्त्र' असं पूर्ण लिहावं.

नळीवाला : एवढं लांब नाव नळीच्या स्टँडवर चिकटवणार कसं? आम्ही दिवसभर 'टेस्ट' म्हणतो, फार तर 'चाचणी'.

माती-माणूस : आमचे वडील 'मातीचं पृथक्करण' म्हणत. तो शब्द कुठे गेला? 'विश्लेषण'पेक्षा तो मला जास्त आपला वाटतो.

तत्सम : पृथक्करणात घटक वेगळे काढणं येतं. पीएच बघताना आपण काय वेगळं काढतो?

शब्दवेडी : 'हरित'वरच माझा आक्षेप आहे. मुलांना 'हरितगृह वायू' शिकवताना दरवर्षी एकजण तरी विचारतो, मग ते चांगले ना? शिवाय संस्कृतात 'हरि' हिरवाही आणि पिवळाही. हरिद्रा म्हणजे हळद. हरिताल म्हणजे हरताळ, अर्सेनिकचं पिवळं खनिज. पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला लेखनिक ते लावत, त्यावरून 'हरताळ फासणे'. विषाचा असा सख्खा भाऊ घेऊन निर्धोकपणाचं नाव कसं ठेवायचं?

तत्सम : व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही.

माती-माणूस : हरताळ म्हणजे दुकानं बंद ठेवणं ना?

शब्दवेडी : तो वेगळा, गुजरातीतल्या 'हडताल'वरून आलेला. दोघांची गल्लत नको.

नळीवाला : 'निर्धोक'ही नको. नळी लहान केली तरी पारा असतोच. अनास्टस आणि वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची 12 तत्त्वं मांडली ती मुख्यतः पदार्थ बनवणाऱ्यांसाठी. चाचण्यांसाठी वेगळी 12 तत्त्वं 2013 मध्ये आली : नमुना कमी घ्या, जमलं तर आहे तसाच मोजा, विषारी अभिकर्मक (चाचणीत घालायची रसायनं) बदला. सगळा भर 'आधीपेक्षा कमी' यावर आहे. मी 'कमी-विषारी चाचणी' लिहीन.

भाषांतरकार : त्यात विजेची आणि द्रावकाची बचत येत नाही हो.

कोकणकन्या : हळदीचं निघालं म्हणून सांगते. आजी घरी कुंकू करायची. हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार. पिवळ्याचं लाल होताना मी तासन् तास बघत बसायचे. तिचे हात आठवडाभर लाल असायचे.

नळीवाला : अहो, टाकणखारात बोरॉन असतं! पाण्यातलं बोरॉन मोजायची कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) पद्धत याच लाल रंगावर चालते. आजी तीच रासायनिक क्रिया घरी करत होत्या.

माती-माणूस : आमच्याकडे चुना घालत, टाकणखार नव्हे.

कोकणकन्या : चुन्याचा लाल टिकत नाही, लिंबू पिळलं की परत पिवळा. आजी चुना कधीच घेत नसे.

माती-माणूस : टिकतो की. आईचा करंडा अजून माझ्याकडे आहे, उद्या उघडून रंग बघून सांगतो.