पाहून झालेले सारेच पुसू नये
पाहिलेले चित्रपट साठवण्यात अर्थ नाही, कारण ते हवे तेव्हा पुन्हा मिळतात, असे काही जण म्हणतात. हे मत नव्या, सहज उपलब्ध चित्रपटांपुरते मला मान्य आहे, माझ्या संगणकाच्या ८ टीबीच्या (टेराबाइटच्या) डिस्कवरून असे चित्रपट मी निःशंकपणे काढून टाकतो. परंतु दूरदर्शनवरून मुद्रित केलेली जुनी मराठी नाटके किंवा व्हीएचएस फितींवरून उतरवलेली घरची लग्नकार्ये दुसरीकडे मिळतीलच असे नाही. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून अशा फायली मी दोन डिस्कवर ठेवतो आणि त्यांपैकी एक डिस्क भावाच्या घरी असते.