नांदूरमध्यमेश्वरला ६०० मिमी लेन्स असूनही पक्षी सॉफ्ट (धूसर) येतात. दोष लेन्सचा की आणखी कशाचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बॉडी २४ मेगापिक्सेलची, एपीएस-सी सेन्सरची. लेन्स १५०-६०० मिमी, एफ ५-६.३, पुढे यूव्ही फिल्टर. शिवाय १८-५५ किट लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने पाण्यावरची बदकं टिपतो, वेळ साधारण साडेनऊ ते बारा. शटर १/१०००, एफ ६.३, ६०० मिमी, आयएसओ ४०० ते ८००, स्टॅबिलायझर चालू.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान दिसतो. घरी १०० टक्क्यांवर उघडला की पिसांची रेघ न् रेघ पुसल्यासारखी असते. लेन्स कॅलिब्रेशनला द्यावी की विकून प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यावी?

दुसरं, महिन्यातून दोन रविवार मोकळे असतात. वर्षभर नाशिकच्या आसपास कधी कुठे जावं, याचंही मार्गदर्शन हवं आहे. पक्षी आणि निसर्गदृश्यं दोन्हीत रस आहे.

चक्रवाक

लेन्स विकू नका. तुमची वेळ वाचली आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं. साडेनऊनंतर ऊन चढतं, काठचा चिखल आणि शेतं तापतात, गरम हवा वर उठते आणि थंड हवेत मिसळते. या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकडातिकडा होतो. ६०० मिमी लेन्स पक्ष्यासोबत ही थरथरही मोठी करून दाखवते. यावर शटर स्पीड वाढवून उपयोग नाही, स्टॅबिलायझरचा नाही, आणि चौपट किमतीच्या प्राइमचाही नाही. हवा तीच राहते.

खात्री करायची असेल तर एकाच बसलेल्या बदकाचे बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) आठ-दहा फोटो ओळीने १०० टक्क्यांवर बघा. प्रत्येक फोटोत चोचीची कड वेगळ्याच जागी लहरत असेल, एखादा बरा आणि पुढचा एकदम वाईट असेल, तर दोष हवेचा. सगळे फोटो सारखेच सॉफ्ट पण पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत टोकदार असेल, तर फोकसचा. कडा एकाच दिशेने दुहेरी झाल्या असतील, तर हात हलला किंवा पक्षी हलला.

जागेवरच कळायला हवं असेल तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट दृश्य) लावा, समोरच्या काठावरचा एखादा दगड पूर्ण मोठा करा आणि दहा सेकंद बघा. दगड पाण्याखाली असल्यासारखा हलताना दिसला की लांबचे फोटो त्या दिवसापुरते संपले. मग वीस-पंचवीस मीटरच्या आतलंच टिपा: वेलींवरून चालणारा कमळपक्षी, लव्हाळ्यातली जांभळी पाणकोंबडी. हवेचा थर जितका कमी, तितका फोटो स्वच्छ.

डिसेंबर-जानेवारीत उलटही घडतं. इथल्या निफाड भागाची थंडी सगळ्यांना माहीत आहे. पहाटे हवा गार आणि पाणी त्यामानाने कोमट, म्हणून पाण्यावर वाफ उठते आणि तिथेही हीच थरथर असते. त्या अर्ध्या-पाऊण तासात पिसांच्या मागे लागू नका. १५० ते २०० मिमीवर धुकं, उगवतं ऊन आणि थव्याच्या काळ्या आकृत्या घ्या. तसा उजेड नंतर मिळत नाही.

गाडीतून फोटो काढत असाल तर हीटर बंद ठेवा. बॉनेटवरूनही शॉट घेऊ नका, इंजिनची ऊब पुरेसं नुकसान करते. उबदार गाडीतून थंड हवेत काढलेली लेन्स पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. हूडमध्ये अडकलेली गरम हवासुद्धा लहरते.

आणि तो यूव्ही फिल्टर आजच काढा. ६०० मिमीवर स्वस्त काच फार महागात पडते. संरक्षणाला हूड पुरेसा आहे.

पाणथळ

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. अंतराचं गणितही एकदा मांडून बघा. तुमच्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी. म्हणजे ६०० मिमीवर १०० मीटर लांबची फ्रेम जवळजवळ ४ मीटर रुंद असते. हळदी-कुंकू बदक साधारण ६० सेंटिमीटरचं, म्हणजे फ्रेमच्या ६००० पिक्सेलपैकी त्याच्या वाट्याला ९०० च्या आसपास. तेच बदक ३० मीटरवर आलं तर ३००० पिक्सेल मिळतात. १०० मीटरवरून क्रॉप करून पिसं शोधणं सोडून द्यावं हे बरं.

जवळ कसं जायचं? जायचंच नाही, त्यांना येऊ द्यायचं. उजाडण्याआधी काठाशी, शक्यतो झुडपाच्या आडोशाला बसा, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नका. माणसाची उभी आकृती बदकं फार लांबून ओळखतात. खाणं थांबवून सगळ्यांनी माना ताठ केल्या तर तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथेच थांबा. फक्त फोटोसाठी थवा उठवणं तर सोडाच: हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची ताकद त्यात वाया जाते.

उडतानाचे फोटो हवे असतील तर वाऱ्याकडे लक्ष द्या. पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच उठतात आणि उतरतात. वारा तुमच्या पाठीकडून असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून येतील. सूर्यही पाठीशी हवा. हिवाळ्यात सकाळी वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळतात. संध्याकाळी बहुधा जुळत नाहीत.

आता पाणी. हे अभयारण्य गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालं. तिथूनच कालवे निघतात, त्यामुळे पातळी सिंचनाच्या आवर्तनाप्रमाणे (कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीप्रमाणे) वरखाली होते. बंधारा तुडुंब असला की पक्षी विखुरतात आणि मधोमध जातात. पाणी उतरलं की गाळाचे पट्टे उघडे पडतात, त्यावर शेकाट्या, तुतवार आणि शराटी चरायला येतात, तेही काठाजवळ. निघण्याआधी गावातल्या कुणा शेतकऱ्याला किंवा तिथल्या गाइडला फोन करून विचारा, ‘आवर्तन सुटलंय का?’ हवामानाच्या कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं स्थळ आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी असतेच. पहिल्या उजेडात पोचा. जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला होतो.

माळरान

सेटिंगबद्दल. उडत्या पक्ष्याला १/१००० पुरत नाही. बगळ्यासारख्या संथ उडणाऱ्याला १/१६००, बदकांना १/२५०० पासून पुढे. बसलेल्याला मात्र १/५०० वर आणून आयएसओ कमी ठेवा. बहुतेक १५०-६०० लेन्स शेवटच्या टोकाला एफ ६.३ वर किंचित सॉफ्ट असतात. ५५० मिमी आणि एफ ८ वर तीच लेन्स वेगळी वाटेल.

शटर आणि अ‍ॅपर्चर मॅन्युअल, आयएसओ ऑटो आणि वर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय), अशी सुरुवात करा. पांढरा बगळा उन्हात असेल तर उणे ०.७ ते १. ढगाळ आभाळावर काळी आकृती दिसत असेल तर अधिक १ ते १.७.

चक्रवाक

इथे माझं मत वेगळं आहे. पक्षी आभाळावरून लव्हाळ्याच्या गर्द पट्ट्यासमोर आला की ऑटो आयएसओ लगेच उडी मारतं आणि पंखांचा पांढरा भाग जळतो. पक्ष्यावरचं ऊन मात्र बदललेलं नसतं. आकाश स्वच्छ असेल तर पूर्ण मॅन्युअल बरं. सूर्य पाठीशी असताना, उगवल्यानंतर तासाभराने १/२०००, एफ ८, आयएसओ १६०० च्या आसपास सुरुवात करा, पांढऱ्या पक्ष्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, आणि ऊन चढेल तसं आयएसओ उतरवत जा. ढग येत-जात असतील तेव्हा ऑटो आयएसओ ठीक.

गोदाकाठ

खूप आभार. बर्स्ट तपासले. चोचीची कड खरंच प्रत्येक फोटोत वेगळी आहे. फिल्टर काढला. आता ममदापूरला काळवीट बघायला जायचा विचार आहे. तिथे ट्रायपॉड न्यावा का?

माळरान

ट्रायपॉड घरी ठेवा. येवल्यापुढच्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात गाडी हाच तुमचा आडोसा. काळवीट गाडीला बऱ्यापैकी सरावलेली असतात, पण दार उघडून पाय खाली टेकला की कळप उधळतो. खिडकीवर बीन बॅग टाका आणि इंजिन बंद करा. चालू इंजिनाची थरथर बीन बॅगमधूनही लेन्सपर्यंत पोचते.

बीन बॅग विकत घ्यायची गरज नाही. जाड कॅनव्हासची, मधे शिवण घातलेली दोन कप्प्यांची पिशवी कुठलाही टेलर शिवून देईल. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा लोंबला पाहिजे. आत अडीच किलोपर्यंत राजमा किंवा सुके वाटाणे. तीन-चतुर्थांशच भरा. ठासून भरलीत तर लेन्स वर गोलगोल फिरते, तिला खड्डा मिळत नाही. आत पातळ कापडाची वेगळी थैली आणि चेन ठेवा. पावसाळ्याआधी दाणे बदला, नाहीतर सोंडे होतात.

माळावर हवेची थरथर पाणथळीपेक्षा लवकर सुरू होते, उन्हाळ्यात तर आठलाच. सूर्योदयापासून दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास, एवढाच वेळ धरा. नराची पाठ काळी आणि पोट पांढरं, त्यामुळे कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप फसतं. पांढरं जळू न देता, उणे ०.३ वर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) घ्या, काळ्यातला तपशील नंतर उचलता येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गवत हिरवं असतं, फोटो तेव्हाचे सर्वांत देखणे. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्याजवळ गाडी लावून बसू नका. तहानलेलं जनावर तुमच्यामुळे पाण्यावर येत नाही, आणि दूर पाणी शोधत विहिरी-रस्त्यांकडे वळतं.

सह्यकडा

निसर्गदृश्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १८-५५ पुरेशी आहे, लगेच वाइड लेन्स घेऊ नका. १८ मिमी, एफ ८ आणि फोकस सुमारे दोन मीटरवर ठेवला तर एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं टोकदार येतं. एफ १६-२२ वर जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ होतं.

सूर्य कुठे उगवतो ते महिन्यानुसार बघा. आपल्याकडे जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. म्हणून त्र्यंबकजवळच्या अंजनेरी, ब्रह्मगिरी किंवा हरिहरच्या उत्तरेकडच्या कड्यांवर तिरपं ऊन मे ते जुलैमध्येच मिळतं. हिवाळ्यात ते कडे दिवसभर सावलीत असतात, तेव्हा दक्षिणेची बाजू निवडा. कातळाचे आडवे थर तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

धबधब्यांना ढगाळ दिवस चांगला. एफ ११, आयएसओ १०० वर शटर साधारण १/३० येतं. पोलरायझर फिल्टर लावला की १/१० च्या आसपास, वर तीन स्टॉपचा एनडी (प्रकाश आठपट कमी करणारा फिल्टर) लावला की पाऊण सेकंद. पाण्याला रेशमी पोत येतो आणि धारही राहते. दहा स्टॉपचा एनडी इथे नको, पाण्याचा नुसता पांढरा लोळ होतो. पोलरायझरचं खरं काम ओल्या कातळाची आणि पानांची चकाकी मारणं. डोळा लावून हळूहळू फिरवा, हिरवा रंग एकदम गडद होतो ती जागा सापडते.

ट्रायपॉड हलका आहे म्हणता, तर मधला दांडा वर काढू नका, बॅग खाली अशी अडकवा की ती जमिनीला टेकेल. नुसती लोंबती ठेवली तर वाऱ्यात झोके घेऊन आणखी हलवते. स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. आणि त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यासारख्या ओढ्यात उभं राहून फोटो काढायचे नाहीत. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं.

अंजनेरीसाठी ६०० मिमीसुद्धा न्या. नांदूरमध्यमेश्वरला जी गरम हवा फोटो बिघडवते, तिच्यावरच लांब चोचीची गिधाडं साडेनऊ-दहानंतर तरंगू लागतात. पठाराच्या कडेला बसलात तर ती डोळ्यांच्या पातळीवरून जातात. मागे आभाळ असेल तर अधिक १, मागे काळा कडा असेल तर उणे ०.३. हिवाळ्यात कड्यांवर घरटी असतात, त्या बाजूला डोकावू नका, ड्रोनचा तर विचारही नको. सप्टेंबरात पठारावर सोनकी आणि तेरडा फुलतो, त्यातच सेरोपेजिया अंजनेरिका ही फक्त इथल्या डोंगरांतली दुर्मीळ वनस्पतीही आहे. चांगल्या कोनासाठी गवतात लोळण घेऊ नका, पायवाटेवरूनच काढा. तिचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात त्र्यंबकला लेन्सच्या आत बाष्प धरतं. काय करावं?

सह्यकडा

एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की धरणारच. पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा आणि काचा खाली घ्या, बॅगची चेन तेव्हा बंदच ठेवा. धरलंच तर पुसत बसू नका आणि लेन्स बॉडीपासून काढू नका, दमट हवा सेन्सरपर्यंत जाते. पंधरा-वीस मिनिटांत आपोआप निघतं. घरी आल्यावर भिजलेली बॅग वेगळी वाळवा. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर राहिला तर बुरशीची भीती, ३० च्या खाली नेण्यातही अर्थ नाही. सिलिकाचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, मग गार करून परत डब्यात.