१६८० चा प्वेब्लो उठाव एकाच वेळी कसा घडला?

प्रश्न: न्यू मेक्सिकोतील (आजच्या अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग) प्वेब्लो या मूळनिवासी लोकांनी १६८० मध्ये स्पॅनिश सत्तेला बारा वर्षांसाठी हुसकावून लावले, असे वाचले. वेगवेगळ्या भाषा बोलणारी, दूरदूर वसलेली ही गावे एकत्र कशी उठली?

प्रतिसाद १: असंतोष जुना होता. एन्कोमिएंडा पद्धतीत, म्हणजे स्पॅनिश वसाहतकारांना स्थानिकांकडून खंडणी घेण्याचा हक्क देणाऱ्या व्यवस्थेत, घरोघरून मका आणि सुती कापड वसूल केले जाई, आणि दुष्काळातही ती मागणी थांबली नाही. त्यातच १६७५ मध्ये ४७ धार्मिक पुढाऱ्यांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडण्यात आले. त्यांपैकीच एक असलेल्या पोपे यांनी पुढे ताओस येथून उठावाची आखणी केली. धावपटूंनी गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव पोहोचवल्या. रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची सुटली की उठायचे, असा संकेत होता. दोन निरोपे पकडले गेल्यामुळे ठरल्या दिवसाआधीच, १० ऑगस्टला, उठाव करावा लागला, तरीही तो फसला नाही, यावरून या लोकांची तयारी किती पक्की होती हे दिसते.

प्रतिसाद २: सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते, राजधानी सांता फेचे पाणी तोडल्यावर स्पॅनिश गव्हर्नर ओतेर्मिन दक्षिणेला एल पासोकडे निघून गेला. १६९२ मध्ये नवा गव्हर्नर दिएगो दे वार्गास याच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश परतले. त्या पुनरागमनाला ‘रक्तहीन’ म्हणणे मला अजिबात पटत नाही, कारण पुढच्याच वर्षी सांता फे लढून घेतल्यावर ७० कैद्यांना ठार करण्यात आले. एन्कोमिएंडा मात्र तेथे पुन्हा रुजली नाही.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. दोऱ्यांच्या गाठींची माहिती मला पूर्णपणे नवीन होती.