नाकापेक्षा गॉगल जड

रामबागी:

परवा आपल्या इंदूरच्या या मंचावरच्याच एका सद्गृहस्थांनी विजयनगरच्या शोरूमच्या पायरीवर उभं राहून फोटो टाकला. प्राडाचा गॉगल, किंमत २६ हजार. घ्या की बुवा, हौसेला मोल नाही. मीही 'अभिनंदन' लिहून मोकळा होणार होतो, तेवढ्यात फोटोखालचा मजकूर दिसला: "डोळ्यांच्या बाबतीत चिक्कूपणा करणाऱ्यांची मला कीव येते. हजार रुपयांचा गॉगल म्हणजे डोळ्यांत विष घालणं." त्यावर माना डोलावणाऱ्यांची ही भली मोठी रांग! एका मावशींनी तर घाबरून विचारलं, मुलाचा गॉगल फेकून देऊ का? मावशी, फेकू नका. आधी हे वाचा.

उन्हात डोळ्यांना गॉगलकडून मुख्य हवं ते हे, की अतिनील किरण अडले पाहिजेत. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण आत येऊ द्यायचे नाहीत. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक अतिनील किरण अडवतं, आणि ते काही दुर्मीळ प्लास्टिक नाही. काडीवर कोणाचं नाव कोरलंय हे त्याला वाचता येत नाही. राहिलं पोलराइज्ड. रस्त्यावरून, बोनेटवरून, पाण्यावरून येणारी तिरीप त्याने मरते, गाडी चालवताना सुख होतं, पण अतिनीलशी त्याचा संबंध नाही. आणि २५-३० हजारांचे कितीतरी गॉगल पोलराइज्ड नसतातच. सद्गृहस्थांनी बिल काढून बघावं.

आता नाव. प्राडा स्वतः चष्मे घडवत नाही, लक्झॉटिका घडवते. अनाथाश्रमात वाढलेल्या लिओनार्दो देल वेक्कियोने १९६१ साली इटलीतल्या अगोर्डो गावात ही कंपनी काढली. तिने १९९९ मध्ये रेबॅन घेतलं, २००७ मध्ये ओकली घेतलं, २०१८ मध्ये काचा बनवणाऱ्या एसिलोरशी संसार थाटला. व्हर्साचे, बर्बेरी यांचे चष्मेही परवान्यावर तिथेच होतात. सनग्लास हटची दुकानंही तिचीच. सगळे गॉगल एकाच मुदपाकखान्यातून, आणि वाढपीही घरचेच!

२६ हजार चेहऱ्यासाठी दिले म्हणा, मी टाळ्या वाजवीन. डोळ्यांसाठी दिले म्हणून बाकीच्यांना लाजवू नका.

विजयनगरवाला:

तो सद्गृहस्थ मीच. आडून कशाला, समोर येऊन बोला की.

नोकरीच्या सुरुवातीला मी जेल रोडवरून दीड-दोनशेचे गॉगल घेत होतो. दुपारभर लावले की संध्याकाळी कपाळ ठणकायचं. ऊन बाधतं म्हणून आई कांद्याचा रस लावायची. मग एकदा चांगला गॉगल घेतला आणि ठणका गेला. यूव्ही ४००, पॉलिकार्बोनेट हे सगळं इंटरनेटवर मलाही वाचता येतं. ज्याचं डोकं दुखतं त्याला कळतं.

घरी एक प्रयोग करा. गॉगल हातभर लांब धरा, त्यातून दाराच्या चौकटीची उभी कड बघा आणि गॉगल हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. कड सरळ राहिली तर काच बरी. मधेच वाकली, नागमोडी झाली, तर ते भिंग नाही, ढापण आहे. तुमच्या हजाराच्या गॉगलचं काय होतं ते इथे सांगा.

आणि फ्रेम? माझी अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची आहे, जाड पट्टीतून कापून घासलेली, साच्यात ओतलेली नव्हे. नाकावर सैल झाली तर दुकानदार काडी गरम करून वाकवून देतो. तुमचं ओतीव प्लास्टिक गरम केलं तर बहुतेक हातात तुकडाच येईल. सुती साडीही अंग झाकते आणि पैठणीही. मग पैठणी घेणाऱ्या बाईला कोणी विचारतं का, की बाई, अंग झाकायला एवढे पैसे कशाला?

सौ. सुदामानगर:

पैठणी आईची मुलीला जाते, मुलीची नातीला. तुमचा गॉगल सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीच्या गर्दीत भुट्ट्याचा कीस खाताना कपाळावरून घसरून जाईल. माझ्या दिराचा गेलाय. रात्री अकरा वाजता गॉगल कशाला लावला होता हे विचारू नका.

पण मला वेगळंच बोलायचंय. माझ्या पुतण्याला त्याच्या आईने वाढदिवसाला रेबॅन घेऊन दिला. पोरगा रोज बाईकवर सुपर कॉरिडॉरला नोकरीला जातो, डोळ्यावर गॉगल आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं. का रे, तर म्हणे हेल्मेट घातलं की काड्या कानामागे रुततात. दहा हजारांचा गॉगल वाचवायला डोकं उघडं! आधी याच्यावर बोला, प्राडा-बिडा नंतर.

काउंटरपलीकडचा:

आमचं दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून हसू येतंय.

रामबागी, 'यूव्ही ४००'चं स्टिकर छापायला काही पैसे पडत नाहीत. फूटपाथवरच्या प्रत्येक गॉगलवर ते असतं. काच नुसतीच काळी आणि अतिनील अडवणारी नसेल तर गॉगल न लावलेला बरा, कारण अंधार वाटला की बाहुली मोठी होते आणि किरणांना दार उघडं मिळतं. म्हणजे 'विष' हा शब्द दीडशेवाल्याला थोडाफार लागू आहे. हजार-बाराशेच्या, नावाजलेल्या भारतीय कंपनीच्या बिलासकट घेतलेल्या गॉगलला नाही.

आणि सगळे एकाच मुदपाकखान्यातले नाहीत. गुची, कार्टिए यांचे चष्मे केरिंग ही दुसरी कंपनी करते, टॉम फोर्डचे मार्कोलिन, करेराचे साफिलो. अर्धी माहिती ठोकून देऊ नका.

विजयनगरवाले, तुमचा ठणका काचेच्या वाकडेपणामुळे असेल, नंबर लागला असेल किंवा फ्रेम कानामागे दाबत असेल. डोळे तपासले होते का? तपासले नसतील. कोणीच तपासत नाही. लोक आमच्याकडे येतात, तासभर वीस फ्रेमी नाकावर चढवतात, आरशात फोटो काढतात, मॉडेल नंबर टिपून घेतात आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवतात. आठ दिवसांनी तोच गॉगल घेऊन परत, 'भिया, जरा काडी टाइट करून द्या ना.' फुकट! स्क्रूसुद्धा आमचाच. यावर कोणी धागा काढत नाही.

खडूस मालवी:

काउंटरवाले, रडगाणं आवरा. शोरूममध्ये एसीत बसून दामदुप्पट घेत होतात तेव्हा नाही कोणाची आठवण झाली.

सुदामानगरच्या वहिनी, तुमच्या पुतण्याचं काही चुकलेलं नाही. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत हेल्मेट घालून राजवाड्याच्या गर्दीतून एकदा जाऊन दाखवा. वीसच्या वर गाडी जात नाही, तिथे हेल्मेट कशाला? मान अवघडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' झालं तेव्हा काय चाललं होतं? पंपावर पुढच्याचं हेल्मेट मागायचं, टाकी भरायची, मागच्याला द्यायचं. एकाच हेल्मेटमध्ये अर्ध्या इंदूरचा घाम.

सौ. सुदामानगर:

वीसच्या वर जात नाही म्हणे! तुम्ही बायपासला कधी गेलाच नाहीत वाटतं. पडायला वीसचा वेगही पुरतो. आमच्या शेजारचे काका घरापासून दोन गल्ल्यांवर स्कूटरवरून पडले, कुत्रं आडवं आलं. डोक्याला सोळा टाके. त्यानंतर त्यांना आमची नावं आठवायला महिने लागले. हसायचंय का?

खडूस मालवी:

हसत नाहीये. पण हेल्मेट घालूनही माणसं मरतातच ना.

सौ. सुदामानगर:

धन्य आहे. छत्री असूनही माणसं भिजतात, म्हणून पावसात उघड्याने फिरा.

विजयनगरवाला:

माझ्या गॉगलचं काय झालं मग? धागा कशाचा होता?

देवास रोडचा एमआर:

तुमच्या गॉगलचं सांगतो. मी औषध कंपनीत आहे. सकाळी देवास, दुपारी उज्जैन, संध्याकाळी परत, सगळं बाईकवर. सुरुवातीची वर्षं ना गॉगल लावला ना हेल्मेटची काच खाली केली. एक दिवस आरशात बघतो तर डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक गुलाबी पापुद्रा बुबुळाकडे सरकलाय. नखाएवढा, बारीक लाल रेघा असलेला. आपल्याकडे नाखुना म्हणतात. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि धूळ दोन्हीची कृपा. फार वाढला तर काढावा लागेल, काढल्यावरही पुन्हा येऊ शकतो.

तेव्हा मी गॉगलांचा अभ्यास केला. किरण समोरून येतात तसे बाजूनेही येतात, वरूनही येतात. विजयनगरवाल्यांचा फोटो मी मोठा करून पाहिला. काच चौकोनी, सपाट, गालापासून बोटभर लांब. बाजूने ऊन, धूळ, वारा, सगळ्यांना आत यायला मोकळीक. माझा नऊशेचा आहे, कानापर्यंत वळलेला. दिसतो वेल्डिंगवाल्यासारखा, कबूल. बायको सोबत असली की काढायला लावते. पण काड्या बारीक आणि सरळ असल्याने हेल्मेटमध्ये रुतत नाही. वहिनी, पुतण्याला असा घेऊन द्या. नाहीतर हेल्मेटची पांढरी काच खाली ओढली तरी खूप झालं, बहुतेक हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटचीच असते.

रामबागी:

एमआर साहेबांनी एका प्रतिसादात निकाल लावला. २६ हजारांत बाजूचं ऊनसुद्धा अडत नाही!

विजयनगरवाला:

निकाल तुम्ही लावणार, वकीलही तुम्हीच. मी बाईक चालवत नाही, कार चालवतो, बाजूला काच असते. आणि तुमच्यासाठी बिल काढून पाहिलं. पोलराइज्ड नाही. झालं समाधान? मला नकोच होता. पोलराइज्ड लावला की गाडीचा स्क्रीन काळा पडतो, मान तिरकी करून नकाशा बघावा लागतो. वापरला असता तर तुम्हाला माहीत असतं.

बरं, चौकटीच्या प्रयोगाचं काय झालं? त्यावर मौन दिसतंय.

रामबागी:

केला. किंचित वाकते. कडेला. अगदी किंचित. समोर सरळ आहे. हे मी कुठेही कबूल केलं असं समजू नये.

जुना माळवा मिल:

आमच्या वडिलांकडे जुना रेबॅन होता, बॉश अँड लॉम्ब ही कंपनी तो बनवायची त्या काळातला, खऱ्या काचेचा. कोणी नातेवाईक अमेरिकेहून घेऊन आला होता. वडील तो फक्त लग्नाला आणि गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी लावायचे. गेरच्या दिवशी का, तर रंग काचेवरून पुसला जातो. अजून कपाटात आहे. नाकाच्या गादीखाली हिरवा थर जमलाय, काचेवर मात्र ओरखडा नाही. भावाने शोरूममधून आणलेल्या नव्याची काच दोन उन्हाळ्यांत ओरखड्यांनी भरली. बनवणारे बदलले आणि मालही बदलला, एवढंच मला कळतं.

काउंटरपलीकडचा:

काकांना नमस्कार. पण ती काच फुटली तर डोळ्यात जाते, म्हणून प्लास्टिक आलं. ओरखडे पडतात ते शर्टच्या टोकाने पुसल्यामुळे. शर्टावरची धूळच काच घासते. पाण्याखाली धुवा, मग पुसा. हे मी रोज सांगतो आणि गिऱ्हाईक माझ्यासमोरच शर्ट बाहेर काढतो.

ज्यांना स्टिकरचा भरवसा नाही त्यांनी पाचशेची नोट आणि अतिनील टॉर्च घेऊन अंधाऱ्या खोलीत जा. नोटेवरचा नंबर चमकतो. टॉर्च आणि नोट यांच्या मधे गॉगलची काच धरा. चमक गेली तर काच काम करतेय. मात्र बाजारातले स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात, अगदी काठावरचे, त्यात चांगली काचही कधीकधी नापास होते. ३६५चा टॉर्च हवा, माझ्याकडे आहे. विकत घ्या न घ्या, तपासून देईन. आणि काचेचा चार नंबरचा दर्जा, म्हणजे सर्वांत गडद, लावून गाडी चालवायची नसते. कार असो की बाईक, तीन नंबर घ्या.

विजयनगरवाला:

शनिवारी येतो. टॉर्च तुमचा, गॉगल माझा. पास झाला तर रामबागींनी इथे येऊन लिहायचं.

रामबागी:

पास होणारच, त्यात काय! माझाही होईल. मुद्दा तोच तर आहे! पंचवीस हजारांचा फरक टॉर्चला दिसतो का ते बघून या.

विजयनगरवाला:

टॉर्चला नाही दिसणार. मला आरशात दिसतो. आणि ठीक आहे, ते 'विष' मागे घेतो, हजाराच्या वरच्यांसाठी. 'कीव' मागे घेत नाही.

सौ. सुदामानगर:

पुतण्याला एमआर भाऊंचा प्रतिसाद दाखवला. म्हणतो, काकू, तसला गॉगल लावून ऑफिसात गेलो तर लोक वायरमन आला म्हणतील. मी म्हटलं, म्हणू दे, रेबॅन आईला परत दे आणि त्या पैशात चांगलं हेल्मेट आण. घरात आता महाभारत चालू आहे.

खडूस मालवी:

वहिनी, तुम्ही जिंकलात. बायकोने हा धागा वाचला आणि माझंही हेल्मेट आज येतंय. काळ्या काचेचं मागवलंय, गॉगलचा खर्चच नको.

देवास रोडचा एमआर:

मालवी भिया, आणि रात्री घरी कसे येणार? बदलून पांढरी काच घ्या.