मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल काढल्यावर विषाणू नेमका कुठे अडतो?

नमस्कार मंडळी,

पेशीतली लिपिडं (कोलेस्टेरॉलसारखे मेदयुक्त घटक) आणि विषाणू यावर सेमिनार द्यायचा आहे. प्रतिकृतीचा, म्हणजे पेशीत विषाणूच्या नव्या प्रती बनण्याचा, भाग जमलाय. हिपॅटायटिस सी विषाणूचं कोअर प्रथिन (त्याच्या गाभ्याचं प्रथिन) पेशीतल्या मेदथेंबांवर जाऊन बसतं. पोलिओचा विषाणू तर पेशीचंच पीआय-४ कायनेज (लिपिडांत बदल करणारं एक विकर) हाताशी धरून स्वतःला हवे तसे पडदे उभे करून घेतो. घर दुसऱ्याचं, वर सामानही त्याचंच!

अडलंय ते विषाणूच्या पेशीतल्या प्रवेशापाशी. मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या रसायनाने पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल ओढून काढलं की बऱ्याच विषाणूंचा संसर्ग घटतो. पण त्याने एंडोसायटोसिसही (पेशीने बाहेरच्या गोष्टी पटलात गुंडाळून आत घेणं) मंदावू शकतं, रिसेप्टरही (विषाणू ज्यांना चिकटतो ते पेशीवरचे रेणू) विखुरू शकतात. मग विषाणूचं आवरण आणि पेशीपटल यांचं विलीनीकरणच थांबलं, हे कशावरून म्हणायचं? कोलेस्टेरॉल परत घालून संसर्ग पूर्ववत होतो का ते बघतात, पण त्याने तर तिन्ही गोष्टी एकदमच सुधारतील की. शिवाय इन्फ्लुएंझाच्या आवरणातही कोलेस्टेरॉल असतंच, त्यामुळे सायक्लोडेक्स्ट्रिन पेशींना लावलं की विषाणूला, हाही मुद्दा आहेच.

पीएच उतरवून (भोवतालचं द्रव आम्लधर्मी करून), एंडोसायटोसिस वगळून, थेट पेशीपटलावरच विलीनीकरण घडवायचा प्रयोग इथे कुणी केलाय का? कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) काय ठेवले होते? पेशी तग धरतात का तेवढ्यात? एखादा सोपा रिव्ह्यू पेपर माहीत असेल तर तोही सुचवा.