हाडांसाठी आईचा चहा बंद केला, चुकलं का? (मदत हवी आहे)

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची. ती अमळनेर तालुक्यात गावी भावाकडे असते, मी धुळ्याला. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या वाळत घालताना तिचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. उंचावरून वगैरे नाही, उभ्या उभ्या पडली आणि हात टेकला, एवढंच. दीड महिना प्लास्टर होतं.

दिवाळीनंतर वहिनी तिला एका मोफत शिबिरात घेऊन गेली. टाचेला जेल लावून पाय मशीनमध्ये ठेवला, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात : टी-स्कोअर (तरुण माणसाच्या तुलनेत हाडं किती दाट, त्याचा आकडा) उणे २.७. तिथल्या माणसाने विचारलं, "मावशी, दिवसाला चहा किती?" आई खरं बोलून गेली, "सात-आठदा." झालं. "चहाने हाडं पोकळ होतात, आजपासून बंद", आणि वर बाराशेचा पावडरचा डबा गळ्यात मारला.

दोन महिने झाले. सकाळी एक कोरा चहा, तोही फारच कुरकुर केली म्हणून. "चहाना बिगर माले काईच सुचत नही" हे रोज फोनवर ऐकते. परवा मी गेले तेव्हा शेजारच्या दोघी आल्या होत्या. आईने आलं ठेचून चहा मांडला, सगळ्यांना दिला आणि स्वतः रिकामी बशी हातात घेऊन बसली. मला कसंतरीच झालं.

खरंच चहाने हाडं ठिसूळ होतात का? आणि तो डबा पुढे चालू ठेवायचा का? वहिनीचं आणि माझं यावरून थोडं वाजलंही आहे, म्हणून ऐकीव नको, माहिती असलेल्यांनी सांगा.

केळीवाला रावेर

ताई, रोज दोन केळी सुरू करा. आमच्याकडे म्हातारी माणसं केळीवरच ठणठणीत आहेत.

चाळीसगाव मेडिकल

केळीवाले दादा, केळी जरूर खावीत, पण कॅल्शियमसाठी नाही. शंभर ग्रॅम केळ्यात ते दहा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. पोटॅशियम म्हणत असाल तर कबूल.

बोरीकाठच्या ताई, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आधी चार गोष्टी सांगा. आई चहाशिवाय दूध पितात का? थायरॉइडची गोळी चालू आहे का? गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय का, झालं असेल तर कोणत्या वयात? आणि चहा कप भरून असतो की बशीभर?

कोरा चहा

चहा म्हणजे विषच. मी २०१५ साली सोडला, तेव्हापासून गुडघे दुखत नाहीत.

बोरीकाठची

@चाळीसगाव मेडिकल, नुसतं दूध तिने आयुष्यात प्यायलं नाही, वासाने मळमळतं म्हणते. दही कधीतरी. चहा अर्धा कप, पण आमच्याकडचा, म्हणजे निम्मं पाणी निम्मं म्हशीचं दूध. थायरॉइडची गोळी सहा-सात वर्षांपासून आहे, सकाळी चहाबरोबरच घेते. पिशवी ३९ व्या वर्षी काढली. "अंडाशयपण काढलं" असं तिला तेव्हा सांगितल्याचं आठवतं, कागद मात्र सापडत नाहीत. शिबिरात यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं.

चाळीसगाव मेडिकल

मग ताई, चहा या गोष्टीत फार मागे उभा आहे. दोन्ही अंडाशयं ३९ व्या वर्षी काढली असतील तर त्याच दिवसापासून इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं राखणारं बायकांचं संप्रेरक, जवळजवळ बंद. हाडांची झीज तिथून धरायची, म्हणजे २४ वर्षं. आणि उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं हे त्या चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा मोठं लक्षण आहे. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा.

आता चहा. कॅफिनमुळे लघवीतून थोडं कॅल्शियम जातं, हे खरं. पण ते इतकं थोडं की कपभर कॉफीमागे गेलेलं एक-दोन मोठे चमचे दुधाने भरून निघतं. चहात कॅफिन कॉफीपेक्षा कमीच. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत १५० मिलीच्या कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० सांगितलीय. आईंचे आठ अर्धे कप म्हणजे चार कप. कडक केला तरी २६०.

उलट हिशोब बघा. आठ अर्ध्या कपांत मिळून ३०० मिली दूध जात होतं. शंभर मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तर ते झालं ३६०. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं. नुसतं दूध त्या पीत नाहीत, म्हणजे तुम्ही चहा नाही बंद केला, दूध बंद केलं. ठेवलात तो कोरा!

साखर मात्र मोजा. आठ वेळा दोन-दोन चमचे असेल तर हाडांआधी दुसरंच काही दारात येईल.

थायरॉइडची गोळी चहाबरोबर नको. उपाशीपोटी साध्या पाण्याने, चहा अर्धा ते एक तासाने. कॅल्शियमची गोळी सुरू झाली तर दोघींमध्ये चार तासांचं अंतर. वेळ बदलली की गोळी जास्त लागू पडते, म्हणून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करा. डोस जास्त झाला तर तोही हाडं खातो.

डब्याच्या मागची बाजू वाचा : एका चमच्यात कॅल्शियम किती, साखर किती. बाराशेत काय विकत घेतलं ते कळेल.

तापीकाठ

केंब्रिजमध्ये ६५ ते ७६ वर्षांच्या १२५६ बायकांची पाहणी झाली होती, २००० साली छापून आली. चहा पिणाऱ्यांची हाडांची घनता न पिणाऱ्यांपेक्षा थोडी जास्तच निघाली, दूध घालून पिवोत की न घालता. यावरून चहा औषध ठरत नाही, पण हाडं पोकळ होतात हेही त्यात दिसलं नाही.

अति मात्र वाईट. चहाच्या पानात फ्लोराइड साठतं. अमेरिकेत एक बाई रोज १०० ते १५० पिशव्यांचा चहा पीत होती, १७ वर्षं. तिच्या हाडांना फ्लोरोसिस (फ्लोराइड साठून होणारा आजार) झाला, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. तुमच्या आईच्या अर्ध्या कपांशी त्याचा संबंध नाही. पण घरी बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा फ्लोराइड तपासून घ्या, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको.

कळण्याची भाकरी

माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. त्यांचं ड जीवनसत्त्व ९ निघालं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. आपल्याकडे ऊन इतकं की मे महिन्यात डांबर वितळतं, आणि बायका डोक्यापासून बोटापर्यंत झाकलेल्या. त्यात "सकाळचं कोवळं ऊन घ्या" सांगतात, त्यात लागणारे किरण फार कमी असतात. आम्ही थंडीत अकरा-बाराला ओसरीवर बसवायचो, हात-पाय उघडे. उन्हाळ्यात तो नाद सोडला, डॉक्टरांनी दिलेलं पाकीट दुधातून.

खाण्यात तीळ वाढवा. शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, सगळं अंगी लागत नाही, तरी दोन चमचे चटणी दादर ज्वारीच्या भाकरीवर जातेच. आणि चहा जेवणाला लागून नको, तासाभराचं अंतर. हा मुद्दा लोहाचा आहे, हाडांचा नाही, पण पाळा.

कोरा चहा

माझे गुडघे तरी बरे झाले ना?

चाळीसगाव मेडिकल

झाले असतील दादा, आनंद आहे. त्याच वर्षी वजन किती उतरलं होतं तेही सांगा.

कोरा चहा

अकरा किलो. साखर सुटली त्याने.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. काल धुळ्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. मनगट आणि ३९ वर्षं हे दोन शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. टाचेचं मशीन फक्त चाळणीपुरतं, निदान खुब्याच्या आणि मणक्याच्या डेक्सावर (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करू म्हणाले. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, टीएसएच पाठवलंय. चहाबद्दल मी विचारलं तर "तीन-चार घेऊ द्या, दूध घालून, साखर अर्धी".

डब्याच्या मागे वाचलं. तीस ग्रॅममध्ये साखरच पंधरा. वहिनीला फोटो पाठवला, तिने नुसता अंगठा पाठवला, म्हणजे मिटलं समजते.

आता एवढंच : डेक्सा गुरुवारी आहे, उपाशी जायचं असतं का?

चाळीसगाव मेडिकल

उपाशी लागत नाही. कॅल्शियमची गोळी सुरू असेल तर आदल्या दिवसापासून बंद ठेवा. हुक, चेन, धातूची बटणं असलेले कपडे नकोत. सकाळचा चहा चालेल, थायरॉइडच्या गोळीनंतर तासाने.